नर फुलांनी बाहेर थांबावं

प्रसूती विभागाची हेड नर्स म्हणून बाई निवृत्त झाल्या, त्या दिवशी हॉस्पिटलने त्यांना भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. घरी आल्याआल्या बाईंनी ते स्पिरिटने पुसून काढलं. घड्याळ कुणाकुणाच्या हातातून आलं ते कुणी पाहिलंय का, असा त्यांचा सवाल होता. घड्याळ पुसताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण पुसायचं काही थांबलं नाही. अशा या मेट्रनबाई. बिल्डिंगमध्ये त्यांना दुसऱ्या नावाने कुणी ओळखत नसे.

त्यांचे यजमान वीज कंपनीत मीटर वाचायचे. आयुष्यभर लोकांच्या दाराशी उभा राहिलेला माणूस. स्वतःच्या घरातही त्यांना चहा हवा असला तर ते स्वयंपाकघराच्या चौकटीत उभे राहून विचारत. आत पाय टाकायचा तर आधी हात दाखवावे लागत, पुढून आणि मागून. मीटरवाल्यांची त्याला हरकत नव्हती. जिथे लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात हरकत घ्यायची राहून गेली, तिथे पुढे कुठली घेणार?

वॉर्ड सुटला, पण वॉर्ड चालवायची खोड कुठे जाणार? महिनाभर बाईंनी नवऱ्यालाच पेशंट करून पाहिलं. रोज सकाळी ताप मोजायचा, रोज दुपारी सक्तीची झोप. शेवटी मीटरवाल्यांनीच जीव वाचवायला कुठूनतरी चार कुंड्या आणून गॅलरीत ठेवल्या आणि बाईंचं लक्ष तिकडे वळलं. बघता बघता मिरची, वांगी, टोमॅटो यांची एका रेषेत रांग लागली, कुंड्यांवर पांढऱ्या रंगाने नंबर पडले आणि सकाळी पांढरा ॲप्रन घालून राउंड सुरू झाला. "तीन नंबर अजून मान टाकून आहे," असं त्या चहा पिता पिता सांगत, आणि मीटरवाले चेहरा गंभीर करून मान हलवत.

पहिल्याच मोसमात किडींनी वॉर्डात धुमाकूळ घातला. मिरचीच्या कोवळ्या शेंड्यांवर मावा बसला, हिरवा-काळा, खसखशीएवढा. पानं चिकट झाली आणि त्या चिकटपणाच्या मागे मुंग्या आल्या. टोमॅटोला हात लावला की पांढरी माशी चाळणीतलं पीठ उडावं तशी उडे आणि परत तिथेच बसे. बाई काही हात टेकणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी कापसाचे बोळे साबणाच्या पाण्यात बुडवून एकेक पान वरून-खालून पुसलं. मुंग्या चढू नयेत म्हणून कुंड्यांच्या स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत उभे केले. माश्या पकडायला पिवळे चिकट कागद टांगले. त्या कागदांना सगळ्यात आधी सापडले मीटरवाले. त्यांची बाही चिकटली, ती सोडवायला वाकले तर चष्मा चिकटला. "इथे काय काम होतं तुमचं?" बाईंनी चष्मा सोडवून देताना विचारलं. त्यांचं काहीच काम नव्हतं, ते नुसते मिरची बघायला गेले होते.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण त्या घरात एक गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती.

बाईंचा मुलगा आणि सून लग्नानंतर जेमतेम वर्षभर त्यांच्याजवळ राहिले. सून मोटार चालवायला शिकवायची. शिकाऊ माणूस ट्रकच्या अंगावर गाडी घालायला निघाला तरी "हं, आता ब्रेक" असं शांतपणे म्हणणारी पोरगी. तिने सासूचे हात धुवायचे नियम पाळले, चपलांचे पाळले, मैत्रिणी आल्या की पंधरा मिनिटांत उठवायचेही पाळले. मग एक दिवस तिचे वडील आले. तिला आई नव्हती; वडील घरांना रंग द्यायचं काम करत, एकटे राहत. बऱ्याच दिवसांनी लेकीला भेटायला म्हणून पिशवीभर संत्री घेऊन आले आणि दारात उभं राहून तीन वेळा शिंकले. "सर्दी नाही हो, मला रंगाची ॲलर्जी आहे," असं ते सांगत होते, पण बाईंनी हात आडवा धरला होता. "बरे झालात की या." संत्री आत घेतली, धुतली, आणणारा जिन्यातूनच परत गेला. संध्याकाळी सून कामावरून आली, टेबलावरची संत्री पाहून म्हणाली, "बाबा कुठेत?" त्यावर जे उत्तर मिळालं, त्यानंतर ती सासूशी भांडलीही नाही. पुढच्या महिन्यात दोघांनी शहराच्या दुसऱ्या टोकाला घर घेतलं, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेलं.

आता सुनेला दिवस गेले होते. चौथा मजला, लिफ्ट नाही, नवऱ्याची फिरतीची नोकरी. बाळंतपणानंतर कुठे राहायचं हा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर बाईंना ठाऊक होतं: इथे. हजारो बाळं त्यांनी हातावर झेलली होती, आणि प्रत्येक बाळ दुसऱ्या दिवशी, फार तर चौथ्या दिवशी, कुणीतरी घेऊन गेलं होतं. हे एक तरी घरी राहावं एवढीच त्यांची इच्छा होती. मुलाची खोली त्यांनी कधीच फिनेलने धुऊन ठेवली होती. पण सून फोनवर एवढंच म्हणाली, "सातव्यात बघू आई. तेव्हा एकदा येऊन जाते, मग ठरवू." 'ठरवू' म्हटल्यापासून बाईंचा जीव टांगणीला लागला.

त्याच फोनवर सून बोलता बोलता म्हणाली होती की हल्ली सारखी काकडी खावीशी वाटते, पण बाजारातल्या काकडीवर काय काय मारलेलं असतं कोण जाणे. झालं. बाईंनी फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी काकडीचं बी आणलं. औषधाचा थेंब न लागलेली काकडी सुनेला खायला घालायची, मग ती राहील. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं मीटरवाल्यांच्या मनात आलं; ते त्यांनी मनातच ठेवलं.

रोपं चांगली वर आली आणि वेल धरायच्या आतच लाल भुंगेऱ्यांनी पानांची चाळण केली. तेव्हा मात्र बाईंचं डोकं फिरलं. औषध मारायचं नाही आणि कीडही येऊ द्यायची नाही, तर मग उपाय एकच: कुणालाच आत सोडायचं नाही. शिंप्याकडून मच्छरदाणीच्या कापडाची भलीमोठी जाळी शिवून आणली आणि अख्खी गॅलरी छतापासून जमिनीपर्यंत बंद केली. घराच्या बाजूने तेवढी एक चेन. ती उघडायची, आत शिरायचं, लगेच लावायची. माशी सोडा, वारासुद्धा आत येताना विचारून यावा असा बंदोबस्त. मीटरवाल्यांना पाणी घालायला सकाळी थोडा वेळ परवानगी होती, हात धुऊन.

आणि काय सांगावं, वेल फोफावले! पानावर डाग नाही, भोक नाही. बाई रोज एकेका पानाच्या पाठीवरून भिंग फिरवत आणि समाधानाने बाहेर येत. मग फुलं लागली. पिवळीधमक, नुसत्या बारीक देठावर उभी, मागे काही नाही. बाईंनी ती नीट तपासली आणि निकाल दिला, "बिनकामाची आहेत. नुसती जोर खातायत." रोज सकाळी कात्रीने ती सगळी खुडून टाकायची, हा राउंडचाच भाग झाला. थोड्या दिवसांनी दुसरी फुलं आली. या फुलांच्या मागे बोटाच्या पेराएवढी लवदार काकडी होती. बाईंना आनंद मावेना. "चार नंबरला दिवस राहिलेत!" त्यांनी घरभर जाहीर केलं आणि लगेच सुनेला फोन लावला. "तू येशील तोवर तयार होतील बघ."

आठवड्याच्या आत त्या सगळ्या इवल्या काकड्या पिवळ्या पडल्या, सुरकुतल्या आणि गळाल्या. नव्या आल्या, त्याही गळाल्या. बाईंचा चेहरा पाहवेना. पाणी कमी केलं, वाढवलं. खत दिलं, थांबवलं. कुंड्या उन्हात सरकवल्या, परत सावलीत आणल्या. सातवा महिना जवळ येत चालला आणि वॉर्डात एकही सुखरूप नाही. "माझ्या हाताखाली असं कधी झालं नव्हतं हो," त्या एका सकाळी गळालेल्या काकड्या ओंजळीत घेऊन खुर्चीत बसल्या. मीटरवाल्यांना खरंच वाईट वाटलं. ते चौकटीत आले, घुटमळले.

"अगं, एक विचारू? रागावू नकोस."

"विचारा."

"तुझ्या वॉर्डात बायका यायच्या, त्यांचं जे काही व्हायचं ते घरूनच होऊन यायचं ना?"

"म्हणजे काय, अर्थात."

"मग या काकड्यांचं कधी झालं?"

बाईंनी ओंजळीतल्या काकड्या टेबलावर ठेवल्या. मग त्या उठल्या, कचऱ्याच्या डब्याशी गेल्या. डब्यात सगळ्यात वर आज सकाळी खुडलेली बिनकामाची फुलं पडलेली होती. त्यातलं एक उचलून त्यांनी भिंगाखाली धरलं. आत बारीक पिवळी पूड होती. बाळंतपणातलं त्यांना माहीत नाही असं काही नव्हतं, पण वॉर्डात पाय ठेवणारी प्रत्येक बाई तयारीनिशीच यायची. त्याआधीच्या भागाशी कामानिमित्त त्यांचा कधी संबंधच आला नव्हता.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "मी सगळ्या बापांना कचऱ्यात टाकलं."

सकाळचं फूल आता मलूल झालं होतं, आणि वेलीवर एकही नर फूल शिल्लक नव्हतं. कात्री फार नेमाने चालली होती. कळ्या होत्या, पण त्या उमलायला वेळ होता, आणि मादी फुलं तर आज-उद्याची होती. नर फूल मिळण्याची एकच जागा बाईंना ठाऊक होती, आणि तिथे जाणं म्हणजे नाक कापून हातात घेणं.

वरच्या मजल्यावर गणिताच्या शिकवण्या घेणाऱ्या बाई राहत. त्यांची गॅलरी म्हणजे सगळा आनंदीआनंद. रंगाचे डबे, तेलाचे डबे, फुटकी बादली, एका जुन्या हेल्मेटातसुद्धा पुदिना. सगळं एकमेकांत वाढलेलं आणि दिवसभर माश्यांची गुणगुण. या गॅलरीतली कीड खाली उतरते, अशी तक्रार मेट्रनबाईंनी बिल्डिंगच्या कमिटीकडे स्वतःच केली होती. तेव्हापासून दोघी जिन्यात भेटल्या तर भिंतीकडे बघून जात.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बाईंनी वरची बेल वाजवली. हातात दवाखान्यात असतो तसला वाकडा स्टीलचा ट्रे होता, त्यात स्वच्छ कापूस.

"एक फूल हवं होतं," मेट्रनबाई भिंतीकडे बघून म्हणाल्या.

"कसलं?"

"काकडीचं. नर."

"नर? अहो, पण ती तर ढिगाने येतात. तुमच्याकडची काय झाली?"

"खुडली."

"सगळी?"

"सगळी."

शिकवणीवाल्या बाईंनी दाराला धरून हसायला सुरुवात केली. बराच वेळ हसल्यावर डोळे पुसत त्या आत गेल्या आणि एक टपोरं फूल आणून ट्रेमध्ये ठेवलं. "हा घ्या मुलगा. चांगल्या घरचा आहे, निर्व्यसनी आहे. गणित जरा कच्चं आहे, तेवढं सांभाळून घ्या." मग जरा थांबून म्हणाल्या, "कशाला हा उपद्व्याप? जाळी वर करा की. माझ्याकडच्या मधमाश्या येतील खाली. त्यांना जिना चढावा-उतरावा लागत नाही."

"जाळी निघणार नाही," मेट्रनबाई म्हणाल्या आणि ट्रे दोन्ही हातांत धरून, एकेक पायरी जपून, नवऱ्या मुलाला खाली घेऊन आल्या.

नर फुलाच्या पाकळ्या काढून त्यातली पूड त्यांनी मादी फुलाच्या मध्याला हलकेच लावली. मीटरवाले चेनच्या बाहेर पाठ करून उभे राहिले; त्यांना तेच बरं वाटलं. आणि लागू पडलं! एक काकडी पिवळी पडली नाही. दोन दिवसांनी ती करंगळीएवढी झाली, मग अंगठ्याएवढी. त्यानंतर, घरच्या नर कळ्या उमलेपर्यंत, रोज सकाळी मेट्रनबाई ट्रे घेऊन वर जायच्या आणि रोज एक जावई घेऊन यायच्या. शिकवणीवाल्या बाई रोज नवी शिफारस करायच्या. बाईंचे गुडघे मात्र रडकुंडीला आले.

अशाच एका सकाळी त्या जाळीच्या आत ट्रे घेऊन उभ्या होत्या. आतल्या वेलीवर दोन मादी फुलं उघडलेली होती. बाहेर जाळीवर एक मधमाशी चालत होती. ती वर गेली, खाली आली, कोपऱ्यात जाऊन शिवण चाचपून आली, पुन्हा फुलासमोर येऊन बसली. तिला फूल दिसत होतं, पण वाट सापडत नव्हती. बाई बघत राहिल्या. आणि त्यांना वॉर्डाबाहेरचं बाक आठवलं. त्या बाकावर बसलेले सगळे बाप. कुणाच्या हातात डबा, कुणाच्या हातात लंगोटांचं गाठोडं. कुणी टाचा उंच करून दाराच्या गोल काचेतून आत बघतोय, कुणाला काय झालं हेसुद्धा अजून कळलेलं नाही. आणि त्या स्वतः, दार किलकिलं करून: "बाहेर थांबा. भेटीची वेळ संपली." तेव्हा ते बरोबरच होतं, तिथे जंतूंचा प्रश्न होता, आणि बाईंना त्याबद्दल आजही काही वाटलं नाही. पण बाकावरच्या त्या रांगेच्या शेवटी त्यांना संत्र्यांची पिशवी घेतलेला रंगारी दिसला, आणि तो काही हॉस्पिटलात आलेला नव्हता. तो लेकीच्या घरी आला होता. बाईंना स्वतःची इतकी लाज वाटली की त्या तिथेच कुंडीच्या काठावर टेकल्या.

मग त्यांनी हाक मारली, "अहो, शिडी आणा."

"काय झालं?"

"जाळी काढायची आहे."

मीटरवाल्यांनी शिडी आणली. असल्या बाबतीत कारण विचारत बसलं तर विचार बदलतो, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं.

जाळी गेली आणि सगळे आले. वरच्या मजल्यावरून मधमाश्या आल्या, कुठूनतरी मावा आला, आणि लाल भुंगेरे तर वाट बघत असल्यासारखे दुसऱ्याच दिवशी हजर. बाई रोज सकाळी, ते थंडीने सुस्त असतानाच, त्यांना वेचून साबणाच्या पाण्यात टाकत. काही सुटत. पानांना भोकं पडली. "पडू देत," बाई म्हणायच्या, पण म्हणताना दात आवळलेले असायचे. माणूस एका दिवसात कितीसा बदलणार? काकड्या मात्र लागल्या. हातभर लांब वगैरे काही नाही, पण लागल्या.

सातव्या महिन्यात एका रविवारी सून आली. स्वतः गाडी चालवत आली, पोट स्टिअरिंगला टेकायला आलेलं. शेजारी मुलगा, आणि मागच्या सीटवर तिचे वडील. बाईंनी गॅलरीतून पाहिलं. आता मध्ये जाळी नसल्यामुळे सगळं स्वच्छ दिसत होतं. मुलगा आणि सून जिन्याकडे वळले. रंगारी गाडीपाशीच थांबले, हातात पिशवी घेऊन, वरच्या मजल्यांचा रंग किती उडालाय ते बघत.

सून वर येऊन टेकते न टेकते तोच बाई चपला घालून खाली निघाल्या. गुडघ्यांनी कुरकुर केली, पण त्या थांबल्या नाहीत.

"वर चला," गाडीपाशी जाऊन त्या म्हणाल्या.

"नको, नको. मी बरा आहे इथे. पोरगी बोलून येईल. माझं नाक जरा..."

"रंगाची ॲलर्जी आहे. तुम्ही मला तेव्हाच सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही. चुकलं माझं. चला."

व्याह्यांनी गाडीचं दार लावलं. दोघं हळूहळू जिना चढले. बाई गुडघ्यांमुळे, ते संकोचामुळे. दारापाशी आले आणि नेमकी तिथेच व्याह्यांना शिंक आली. त्यांनी ती दाबली. डोळे भरून आले, चेहरा लाल झाला, रुमाल खिशात सापडेना. आतून सून बघत होती, मुलगा बघत होता, आणि मीटरवाले आपल्या नेहमीच्या चौकटीत श्वास रोखून उभे होते.

"अहो, दाबताय काय?" मेट्रनबाई म्हणाल्या. "आत या आणि मग शिंका."

व्याही आत आले आणि घर हादरेल असे शिंकले. एकदा नाही, तीनदा. बाईंच्या चेहऱ्यावरची एक शीर उडाली, पण त्यांनी पुढे होऊन खुर्ची सरकवली.

मग काकडी आली. वाकडी होती, एका बाजूला भोक होतं. सुनेने ती उलटसुलट करून पाहिली. "आई, हे काय?"

"आपल्या आधी कुणीतरी जेवून गेलंय. तेवढं काढून टाकते."

सुनेने सासूच्या तोंडाकडे पाहिलं, मग गॅलरीकडे पाहिलं. कठड्यावरून मधमाश्या ये-जा करत होत्या. ती काकडीची फोड खात खात, अगदी "आता ब्रेक" म्हणावं तशा आवाजात म्हणाली, "बाळ झाल्यावर बाबा रोज येतील."

"येऊ देत."

"मैत्रिणी येतील. माझ्याकडे गाडी शिकणारेही येतील. पंधरा मिनिटांत उठणारे नाहीत ते."

बाईंनी आणखी एक फोड कापून ताटलीत ठेवली. "हात धुतील ना?"

"धुतील."

"मग येऊ देत."

सून उठली, मुलाच्या जुन्या खोलीत गेली, जरा वेळ उभी राहिली. तिथूनच म्हणाली, "पाळणा खिडकीशी नको. गॅलरीच्या दारापाशी ठेवू या. तिथे वारा येतो."

आपले डोळे कुणाला दिसू नयेत म्हणून बाई टेबलाकडे वळल्या. तिथे व्याह्यांनी आणलेली पिशवी होती. त्यातलं एक संत्रं काढून त्यांनी तिथल्या तिथे सोललं, अर्धं व्याह्यांच्या हातावर ठेवलं आणि एक फोड आपल्या तोंडात टाकली. चौकटीत उभ्या असलेल्या मीटरवाल्यांनी ते पाहिलं आणि ते एक अक्षर बोलले नाहीत. संत्री धुवायची राहूनच गेली होती.